आत्तीचं न चाखलेलं पुरण

आमच्या आत्तीचं पुरण अख्ख्या विंझर गावात नावाजलेलं होतं, पण ते चुलीवर असताना कसं लागतं हे तिला कधीच ठाऊक नसायचं. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, हा तिचा नेम. गुळाचा अंदाज नजरेनं आणि वेलदोड्याचा वासानं. पुरण आटत आलं की ती पातेल्याच्या मधोमध उलथनं खोचायची आणि हात काढून घ्यायची. उभं राहिलं तर पुरण झालं, कललं तर अजून थोडा वेळ. "जीभ खोटं बोलती. तिला सगळंच ग्वाड लागतं. उलथनं खोटं बोलत न्हाई," असं ती म्हणायची. मी त्या पातेल्याभोवती घुटमळत असायची आणि उलथनं कललं की मला रडू यायचं, कारण पोळी आणखी लांबायची.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आली. पुढे माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि आत्तीनं मला आपल्या गोधडीत ओढून घेतलं. वाढण्याचा तिचा क्रम कधी चुकला नाही. पहिला घास गाईचा, दुसरा माझा, मग बाकी दुनियेचा. ती स्वतः शेवटी बसायची, पण पोळी मात्र मन लावून खायची. गोडावर तिचा फार जीव.

म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं लागलं. मी नोकरीसाठी जपानला निघाले, तेव्हा ती गावच्या मेंगाई देवीपुढं नवस बोलली, पोर माघारी येईस्तोवर गोड शिवणार नाही. मला पत्ताच नाही. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या तोंडून फोनवर निसटलं. चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होती बाई! आधी मला हसू आलं आणि मग रागच आला. त्या सुट्टीत घरी गेले ती हट्टानं तिच्यासमोर पोळी घेऊन बसले. म्हटलं, "आले की मी. खा आता."

"परतीचं तिकीट काढलंयस?"

"हो. पंधरा दिवसांनी निघायचंय."

"मंग हे माघारी येणं न्हवं. ह्ये पाव्हणी येणं झालं," ती म्हणाली आणि पोळी गाईपुढं ठेवून आली.

दर रविवारी तिचा फोन एकाच प्रश्नावर संपायचा. "औंदा भातलावणीला हायेस न्हवं?" आणि दर रविवारी मी म्हणायची, "बघू गं, पुढच्या वर्षी." लग्न झालं, क्योटोत आमचं घर झालं, तरी माझं उत्तर तेच. आपण आता परत जाणार नाही हे मला कधीचं कळून चुकलं होतं. तिला सांगायची हिंमत मात्र नव्हती. तिकडे ती बिनसाखरेचा चहा पीत राहिली. याची लाज मला आजही वाटते.

माझ्या बाळंतपणाला आत्ती आली. सत्तरी गाठलेली बाई पहिल्यांदाच विमानात बसली, तीही डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून. लाडू अर्थातच न चाखलेले. आमच्या घरी आल्यावरही तिनं गाईचा घास सोडला नाही. रोज वाटीत काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची. गाय येणार कुठून? कावळे जमायला लागले. इमारतीत सूचना लागेल या भीतीनं आमचे हे रोज गुपचूप वाटी रिकामी करायचे, आणि गाय जेवली म्हणून आत्ती खूश.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा मी तिला स्टेशनाजवळच्या मिठाईच्या दुकानात नेलं. दुकान फार जुनं. उघडायच्या आधीपासून रांग असते. "सप्त्याची पंगत हाय का काय हितं?" आत्तीनं विचारलं. दारातच मोठ्या लाकडी उखळात वाफाळता भात घातलेला. दोघं जण मोगऱ्या हाणत होते आणि तिसरा दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटत होता. या कुटलेल्या भाताची मऊ पारी करतात, तिच्यात गोड सारण भरतात. तीच मोची. आत्ती रांग विसरून तिथंच थांबली.

"तुझी आई आन् म्या असंच भात कांडायचो. ती लई घाई करायची," ती म्हणाली. आईविषयी ती सहसा बोलत नसे.

आत तांब्याच्या कढईत एक म्हातारी लाल दाण्यांचं सारण घोटत होती. आत्ती कढईवर वाकली, वास घेतला आणि मला म्हणाली, "तिला इचार, उलथनं उभं ऱ्हातं का." मी ओशाळले, पण विचारलं. म्हातारीनं एकदा आत्तीकडे पाहिलं, लाकडी उलथनं सारणात खोचलं आणि हात काढून घेतला. ते उभं राहिलं. दोघी हसल्या. मग तिनं एक मोची दोन्ही हातांनी आत्तीपुढं धरली.

या गोड खात नाहीत, असं मी सांगायला लागले, तोच आत्तीनं माझं मनगट धरलं.

"खरं सांग. तू आता हितलीच न्हवं?"

बाळ माझ्या छातीशी झोपलं होतं. पुढच्या वर्षाचं ते नेहमीचं उत्तर ओठांवर आलं, पण तिच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना.

"व्हय, आत्ती."

तिनं मान हलवली. "मंग मेंगाईला तरी किती दिस ताटकळत ठिवायचं? जाऊन सांगते तिला, पोर हाय तितं सुकात हाय म्हनून." तिनं मोची घेतली, गाईसाठी एक तुकडा मोडून रुमालात बांधला आणि उरलेली सावकाश खाल्ली. "ग्वाड जरा कमी हाय," ती म्हणाली. "पन पुरन झालंय."

तिनं गोड खावं म्हणून मी किती वर्षं धडपडले होते! आणि तिनं खाल्लं तेव्हा मी भर दुकानात रडले. रांगेतल्या लोकांनी सभ्यपणे माना फिरवल्या. आत्ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ती परत गेली त्याला आता दोन वर्षं होतील. रविवारचा फोन चालू आहे. काय काय गोड खाल्लं ते ती आपण होऊन सांगते, बाळाचं विचारते, खाचरात भात कसा आलाय ते सांगते आणि "ठिवते मंग" म्हणते. मी तरीही फोन कानाला धरून बसते. "बघू गं, पुढच्या वर्षी" हे उत्तर अजून तोंडात तयार असतं. तो प्रश्न मात्र तिनं त्या दिवसापासून पुन्हा विचारला नाही.