मामांनी न सुधारलेला शब्द

भूममध्ये चुकीचं बोलून सुखरूप घरी गेलेला माणूस आमच्या मामांच्या हयातीत झाला नाही. मामा म्हणजे आत्याचे यजमान. निजामाच्या अमलात ते शाळेत उर्दू शिकवत. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून भटजींचा ऱ्हस्व इकार दीर्घ करून घेतला; तोवर नवरानवरी हार धरून उभी. मयताच्या घरी टाहो फोडणाऱ्या बाईला ते शांतपणे म्हणाले होते, "मामेसासरे नव्हेत, चुलतसासरे. आता रडा." त्यामुळे त्यांच्याशी बोलायला एकच माणूस उरला होता, शेजारचे कासिमभाई पिंजारी. संध्याकाळी कासिमभाई कापूस पिंजत आणि मामा शब्द.

कासिमभाईंच्या घरापुढच्या माळावर दर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवत, त्याही गोल कड्यात. चकवा तिथं फेर धरतो, असं गाव म्हणे. कडं दरसाल वीतभर वाढे, आणि ते उंबऱ्याला टेकलं की घर चकव्याचं, हेही गावानं ठरवलं होतं. कासिमभाईंच्या बायकोनं, जैनबीनं, जवळच्या वाशी गावी माहेरी जाऊन राहायचं म्हणून भांडी बांधायला घेतली. बोलायला उरलेला एकुलता माणूसही जाणार, म्हणून मामांना जेवण जाईना.

कुठल्याशा मासिकात वाचलेलं शास्त्र घेऊन ते कासिमभाईंकडे गेले. "छत्री हे नुसतं फळ. खरा जीव म्हणजे मातीतलं तंतूंचं जाळं. एका जागेतलं कुजकं खाऊन संपलं की ते चहूबाजूंनी पुढं सरकतं. म्हणून गोल."

"म्हंजी खातखातच माझ्या दाराकडं यायलंय," कासिमभाई म्हणाले. "मास्तर, चकवा बरा हुता. त्यो नुस्ता चकवतो."

जैनबीनं बैलगाडी सांगितली.

गाडी भरत असताना महसुलाचा गिरदावर घोड्यावरून फेरीला आला. कड्याकडे बोट करून हे काय, असं त्यानं विचारलं. मामांनी नेमका उर्दू शब्द दिला, "दायरा है." दायरा म्हणजे वर्तुळ, पण फकिरांच्या ठाण्यालाही दायराच म्हणतात. गिरदावर खाली उतरला, जोडे काढले आणि हात पसरून दुआ मागितली.

जैनबी गाडीतून उतरली. "बुजुर्गांची जागा हाय, अन् तुमी सांगितलं न्हाय, मास्तर?"

मामांचे ओठ हलले. शब्द दुरुस्त केला असता, तर गाडी सुटली असती.

"इसरलो," मामा म्हणाले. 'विसरलो' नव्हे.

पुढं छत्र्या उंबऱ्याला टेकल्या, तेव्हा जैनबीनं तिथं ऊद लावला. आता मामाही नाहीत, कासिमभाईही नाहीत. कडं घराच्या दोन्ही अंगांनी पुढं सरकून परसात निघालं आहे. गल्लीतली पोरं त्याला 'डायरा' म्हणतात. 'ड' नव्हे 'द', असं सांगणारं कुणी नाही.