राखोंडे सरांची डुगडुगती खुर्ची

राखोंडे सर गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. ना फोन, ना निरोप. बडनेरा रोडवर आमच्या कॉलेजच्या कमानीवर सकाळी त्यांचा हसरा फोटो टांगलेला दिसला आणि क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, या लोकांना माणूस कळला. ऑटो जवळ गेला तेव्हा खालचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचलं... आणि मग कोपऱ्यातला तो सोनेरी गोल शिक्का, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. नोकरी लागलेल्या पोरांचे फोटो दरवर्षी ज्या डिझाइनमध्ये छापतात, त्यातच सरांना बसवलं होतं. फोटो बदलला, मजकूर बदलला, शिक्का काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. इतका निर्लज्ज आळस आमच्याच संस्थेला जमतो. मी ऑटोत बसून रडले, आणि रडता रडता त्या शिक्क्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दिगंबर राखोंडे आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे प्लेसमेंट ऑफिसर. शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी कंपन्या बोलवायच्या, इंटर्नशिप नाहीतर पहिली नोकरी मिळवून द्यायची, हे त्यांचं काम. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायची आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे चहाला जायची. मूळचे ते बाळापूरकडचे, घरी फुलांचा आणि भाजीचा मळा. बोलणं अखेरपर्यंत तिकडचंच राहिलं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्याकडे पुण्याहून जी भरती करणारी मंडळी यायची ती मात्र पाहण्यासारखी असायची. कालपरवा पदवी घेतलेली, गळ्यात पट्टा, हातात विकतच्या पाण्याची बाटली आणि चेहरा असा, की अमरावतीत पाय ठेवून यांनी आपल्या सात पिढ्यांवर उपकार केले. समोर मूर्तिजापूरहून पहाटेच्या गाडीनं आलेलं पोरगं, आणि त्याला विचारायचं, ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस?’ विचारणाऱ्याची स्वतःची नोकरी दिवाळीपर्यंत टिकेल याचा भरवसा नसायचा, पण ऐट बघा.

या मंडळींसाठी सरांनी एक खुर्ची राखून ठेवली होती. लाकडी, दिसायला भारदस्त, पण एक पाय किंचित आखूड. मुलाखत घेणाऱ्यानं त्या खुर्चीवर बसायचं आणि पोरांनी समोरच्या धडधाकट खुर्चीवर. साहेब जरा पुढे झुकले की टक, मागे रेलले की पुन्हा टक. मी एकदा म्हटलं, “सर, सुतार बोलवून पाय दुरुस्त करून का घेत नाही?” तर म्हणाले, “मॅडम, थे बिघडली नाई, कामावर हाय. ज्याले सोताले धड बसता येत नाई, थो माह्या पोट्ट्यायले जास्त घाबरवत नाई.” आणि खरंच, थोड्या वेळानं साहेबांचा आवाज खाली यायचा, टेबल घट्ट धरलं जायचं, आणि मग दोन प्रश्न कामाचेही विचारले जायचे.

एकदा वैशाखात अकोल्याच्या एका कॉलेजात अनेक कॉलेजांची मिळून भरती होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा हुकूम, की पोरांनी काळे कोट घालूनच जायचं. अकोल्याच्या उन्हात, पत्र्याच्या मांडवात काळे कोट! कंपनीचे साहेब गार गाडीतून भर दुपारी उगवले, तोवर एक पोरगी चक्कर येऊन पडली होती. सरांनी सगळ्यांचे कोट उतरवले. साहेबांनी भुवया उंचावल्या, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “या उन्हात जो कोट घालून बसते, थो पोट्टा मले शहाणा वाटत नाई. तुमाले तसेच पायजे का?” साहेबांनी स्वतःचा कोट कधी काढला ते कळलंही नाही.

चक्कर येऊन पडलेली ती पोरगी म्हणजे उज्ज्वला, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली. त्याच वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तिच्यासकट अख्खा वर्ग इंटर्न म्हणून उचलला. पगार नाही, पण ‘अनुभव’. अध्यक्षांनी लगेच राजकमल चौकात फ्लेक्स लावला, सोनेरी शिक्का आणि मधोमध उज्ज्वलाचा फोटो. सरांना काही ते पटेना. सुट्टी टाकून ते स्वतः पुण्याला गेले. मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये इतर कॉलेजांतून अशीच उचललेली पोरंपोरी कानाला फोन लावून बसलेली, आणि खेड्यापाड्यातल्या आईबापांना क्लासेस विकत होती. अभियंते म्हणे! परत येऊन सरांनी अध्यक्षांना फ्लेक्स उतरवायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “सर, पोरं तिथं जाऊन काय करतात ते पाह्यचं काम आपलं नाही. गेले, मोजले, संपलं.” शिक्षणमहर्षी म्हणवून घेणाऱ्या माणसाचं हे ब्रीद.

बाकीच्या पोरांना सरांनी फोनवर सावध केलं आणि उज्ज्वलाच्या घरी ते स्वतः गेले. मी सोबत होते. बापानं तिची पेटी भरून ठेवली होती. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती त्यानं या एका नोकरीच्या जोरावर थोपवली होती. सर म्हणाले, “दादा, हे नोकरी नोय. पोरीले पाठवू नका.” तो माणूस भडकला. “चौकात फोटो लावून राहिले तुमी, अन् आता नोय म्हणता? मी सोयऱ्यायले काय सांगू? मंग द्या ना दुसरी!” “देतो,” सर म्हणाले. “मले थोडा टाइम द्या.” येताना एसटीत ते डायरीत कंपन्यांची नावं लिहीत बसले. दुसरी नोकरी त्यांच्या खिशात थोडीच होती? आणि ती मिळाली नाही तर त्या पोरीचं काय होणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मग उरलेला उन्हाळाभर हा माणूस अकोल्याच्या एमआयडीसीत दारोदार फिरला. शेवटी एक गृहस्थ मिळाले. कापसाच्या जिनिंग आणि दालमिलच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचे. सरांनी त्यांनाही कॉलेजात बोलावून त्याच खुर्चीवर बसवलं. उज्ज्वलाचं इंग्रजी अडखळलं, ते गृहस्थ विचारात पडले. सर दारातूनच म्हणाले, “साहेब, हिले मशीनशी बोलाचं हाय. मशीनले वऱ्हाडी चालते.” ते हसले, टक करून सरळ झाले आणि काट्याचा हिशोब कागदावर मांडायला सांगितला. तिनं तो मांडला. तिला नोकरी लागली. खरी, पगाराची. पेटी अकोल्याला गेली आणि लग्नाची बोलणी पुन्हा निघाली नाहीत.

कंपनी मोठी नव्हती, म्हणून अध्यक्षांच्या फ्लेक्सवर ही नोकरी आली नाही. उलट पुढच्या सत्रात सरांना भांडारात टाकलं, खडूची खोकी सांभाळायला. त्यांच्या जागी टाय घातलेला एक गुळगुळीत तरुण आला आणि खुर्ची भंगारात काढली. भंगार भांडारातच जमा होतं, त्यामुळे ती पुन्हा सरांकडेच आली. मी चिडचिड केली की ते म्हणायचे, “मॅडम, तुमी कावून तरास करून घेता? पोरगी कामाले लागली ना?” काही वर्षं अशीच गेली, आणि निवृत्तीच्या आधीच, भांडारातल्या त्या कोंदट खोलीत त्यांच्या छातीत कळ आली...

शोकसभा प्लेसमेंटच्या खोलीत ठेवली होती. अकोल्याहून उज्ज्वला आली. आम्ही दोघींनी भांडारातून ती खुर्ची आणली, पुसली आणि अध्यक्षांच्या जागी मांडली. अध्यक्ष आले, बसले. गुडघ्यांमुळे ते हल्ली बसूनच बोलतात. “राखोंडे म्हणजे आमच्या परिवाराचा आधारस्तंभ,” ते म्हणाले. टक. “त्यांच्या तत्त्वनिष्ठेला आम्ही नेहमीच...” टक. पांडुरंग शिपाई पुठ्ठ्याची घडी घेऊन धावला. मी म्हटलं, “राहू द्या, पांडुरंगभाऊ.” उरलेलं भाषण त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरून केलं, आणि त्यामुळे ते बरंच आटोपशीर झालं.

खुर्ची उज्ज्वला घेऊन गेली. तिच्या ऑफिसात नवी पोरं निवडायचं काम आता तिच्याकडे आहे. परवा मी अकोल्याला गेले तेव्हा धारणीकडचं एक पोरगं मुलाखतीला आलेलं होतं, घाम पुसत समोरच्या धडधाकट खुर्चीवर बसलेलं. उज्ज्वला त्याच्याशी बोलताना जरा पुढे झुकली आणि टक असा आवाज आला. तिनं पाय अजून दुरुस्त करून घेतलेला नाही.