बंद कारखान्याचे फोटो

आई गेल्यावर धाराशिवच्या दोन खोल्यांत मी एकटीच उरले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सहा दिवस निभावून न्यायची. रविवार मात्र अंगावर यायचा. अशाच एका रविवारी पुण्याच्या मैत्रिणीनं दिलेलं फोटोंचं पुस्तक उघडलं. परदेशातले बंद पडलेले कारखाने, पाण्याच्या टाक्या, धुराडी. प्रत्येक पानावर एकच इमारत, समोरून, ढगाळ उजेडात. माणूस कुठंच नाही. इतक्या एकट्या असूनही त्या इमारती ताठ उभ्या होत्या, याचं मला नवल वाटलं.

आपल्याकडंही असं आहेच की, मग लक्षात आलं. शहराबाहेरचा एक साखर कारखाना कैक वर्षं बंद होता. कॅमेरा घेऊन स्कूटीवर तिकडं जायला लागले. गंजलेले पत्रे, रिकामी गोदामं, उसाची मोळी जिथं टाकत ती लांबलचक गव्हाण. आभाळ भरून येईपर्यंत थांबायचं, मग एक फोटो काढायचा.

तिथंच कामगारांच्या क्वार्टरची एक ओळ होती. दारं-खिडक्यासुद्धा काढून नेलेल्या. फक्त टोकाच्या घरात एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांचे यजमान बॉयलरवर कामाला होते. ते वारले तरी त्या हलल्या नव्हत्या. सुरुवातीला उंबऱ्यातून नुसत्या बघायच्या. एकदा त्यांनीच हाक मारली.

“लई चकरा मारतीस गं. घरी कुणी न्हाय व्हय तुझ्या?”

“नाही, मावशी.”

“माझी लेक हाय, पर उमरग्याला. ये, च्या घे.”

त्यानंतर दर रविवारी चहा ठरलेला. त्या सांगायच्या, “शीजनला ही फरशी हालायची बघ. तांब्यातलं पाणी थरथरायचं. कारखाना बंद पडला तवा मला झोपच लागंना. भुई अशी गप कशी पडली, म्हणून उठून हात लावून बघायची.”

मग एक दिवस गॅस कटर घेऊन माणसं आली. कारखाना भंगारात निघाला होता. धुराडं पाडलं तेव्हा आम्ही दोघी क्वार्टरपुढं उभ्या होतो. ते आधी किंचित कललं आणि मग धुरळ्यात दिसेनासंच झालं. मी फोटो काढत राहिले. मावशी पदरानं नाक दाबून बघत होत्या. धुरळा बसल्यावर म्हणाल्या, “चल, लेकीला फोन लावून दे मला.”

त्या उमरग्याला गेल्या. मी फोटो निवडले, छापून आणले आणि घरीच सुईदोऱ्यानं पानं शिवून मोजक्या प्रती केल्या. एक मैत्रिणीला पाठवली. तिनं मोबाइलवर अंगठा पाठवला. दुसरी घेऊन मी उमरग्याची एसटी धरली.

लेकीच्या घरी पलंगावर बसून मावशींनी पानं उलटली. बॉयलरच्या फोटोवर तळवा टेकवला.

“समदं तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “पर लई गप हाय गं तुझं पुस्तक. तितं शेजारी बोललेलं ऐकू यायचं न्हाय, एवढा कालवा असायचा.”

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. माझ्या हाती फक्त नंतरची शांतता आली होती, आणि ती मला आवडलीही होती.

“ठिवते मी हे,” त्या म्हणाल्या. “पर सारखं बघणं न्हाय व्हायचं माझ्याच्यानं. तू येत जा. क्यामेरा नगं आणूस.”

लेकीनं ताट वाढलं. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. मावशी शेजारी बसून “घे की अजून” म्हणत राहिल्या. मी मान खाली घालून जेवले, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

अजूनही मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. आम्ही तूर निवडतो. कुठल्या क्वार्टरमध्ये कोण राहायचं, ते त्या सांगतात. दिवस कलायच्या आत मी एसटीत बसते. नळदुर्गपाशी ट्रकांच्या गर्दीत गाडी रेंगाळते. घरी येऊन कुलूप काढते, दिवा लावते, आणि सोमवारच्या डब्यासाठी मूग भिजत घालते.