पुठ्ठ्यावरचा शब्द

मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींना मी चारचौघांत हसलो, आणि चूक माझीच होती.

मेथीवर पाणी शिंपडताना त्या इंग्रजी शब्द पुटपुटत असत. फोनवर ऐकायचा, पुठ्ठ्यावर मराठीत लिहायचा आणि जिभेवर बसेपर्यंत म्हणत राहायचं. पन्नाशी उलटलेली, पण शाळकरी पोरीची चिकाटी. "एवढं कशाला, मावशी?" मी एकदा विचारलं.

"परगावचं गिऱ्हाईक येतं ना, सर. चुकले तर हसेल. गप्प बसले तर शेजारच्या गाळ्यावर जाईल."

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी त्या गिऱ्हाइकाशी बोलताना 'व्हेज्टबल' म्हणाल्या.

"अर्धा शब्द खाल्लात की, मावशी!" मी मोठ्याने हसलो. "व्हे-जि-टे-बल म्हणा."

आजूबाजूचेही हसले. मावशींनी मान डोलावली आणि लगेच पुठ्ठ्यावरचा शब्द खोडून माझा लिहिला.

घरी हा किस्सा सांगितला, तर माझ्या मुलीने फोनवरच्या शब्दकोशातला उच्चार ऐकवला. मावशींचंच बरोबर होतं. वीस वर्षं मी वर्गात चुकीचं सांगत आलो होतो. पुढचे आठ दिवस मी त्यांचा गाळा टाळला. नवव्या दिवशी गेलो, तर त्या माझाच उच्चार मन लावून घोकत होत्या. ऐकवेना. समोर चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत, हसलो होतो तेवढ्याच मोठ्याने म्हणालो, "मावशी, तुमचं बरोबर होतं. मी चुकीचं शिकवलं आणि वर हसलो. मला माफ करा."