नळीतला बोळा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग येतो. आमचा धंदा पत्र्याचा — कंदील, डबे, चाळण्या, पाण्याच्या टाक्या. पत्र्याला भोक असलं तर पाणी गळतं, नसलं तर गळत नाही. मधलं काही नसतं. अशा सदरांत लोक पांढऱ्या साडीतली बाई वगैरे लिहितात, ते वाचून मी मासिक बाजूला ठेवून देतो. आणि आता स्वतःच लिहायला बसलोय, याचीही चिडचिड होतेच आहे. पण घरात सांगितलं तर नातवंडं हसतात, म्हणून एकदा कागदावर उतरवतो.

गाव भूम. नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. रस्त्यावर आमचं दुकान, मागं घर, आणि त्याला लागून गयामावशींचं घर — मधे कमरेएवढी भिंत. मी लहान असताना माझी अम्मी वारली. त्यानंतर डोक्याला तेल लावण्यापासून ते तापात उशाशी बसण्यापर्यंत माझं सगळं मावशींनी केलं. त्यांचे मालक कधीच गेले होते. मुलगी एकच, बार्शीला दिलेली. मावशी कोंबड्या पाळायच्या आणि बाजाराच्या दिवशी अंडी विकायच्या, त्यावर त्यांचं भागायचं.

त्या साली कोंबड्यांवर मानमोडी आली. मान वाकडी होते आणि कोंबडी जाते, असा तो रोग. बघता बघता आमच्या गल्लीत एक कोंबडी उरली नाही. मावशींची तांबडी तेवढी अंड्यांवर खुडूक बसली होती, ती डालग्यातून हललीच नाही. एका सकाळी मावशींनी भिंतीवरून मला हाक मारली. तांबडी बसल्या जागी मेली होती, पंख अंड्यांवर पसरलेले. अंडी अजून गरम होती.

मावशींना न्यायला नेमके त्याच दिवशी जावई आले होते. ते म्हणाले, "आता हितं ठेवलंय काय? चला बार्शीला." माणूस वाईट नव्हता. पण मावशींना स्वतःची चूल सोडून लेकीच्या सासरी राहायचं नव्हतं. आणि त्या जाऊ नयेत असं मलाही वाटत होतं. मला दुसरी आई कुठून मिळणार होती?

माझ्याकडं एक पेटी होती. उस्मानाबादला एका सरकारी कचेरीत टाकी दुरुस्त करायला गेलो होतो, तिथं अंडी उबवायची पेटी पाहिली आणि घरी येऊन तशीच बनवली. बाहेरून लाकडी खोकं, आतून पत्रा, मधे भुसा. वर पत्र्याचं झाकण, झाकणात काच. बाजूला कंदील, आणि त्याची गरम हवा आत नेणारी वाकडी नळी. आमच्या धंद्यात कुठलीही नळी तपासल्याशिवाय बसवत नाहीत — एका तोंडातून चिंधीचा बोळा आत दाबून बसवायचा, पाणी भरायचं, गळतंय का बघायचं. ही पण तपासली होती. एक थेंब गळला नव्हता. पेटी मात्र नुसती पडून होती, आणि गल्लीभर माझं हसं झालं होतं.

"मावशी, कोंबडी नसली तरी पिल्लं निघतील," मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग जावयाकडं. "जावईबापू, पिल्लं निगाली तर म्या हितंच ऱ्हाते. न्हाय निगाली तर गपगुमान तुमच्या मागं येते."

अंडी फुटायच्या सुमारास परत येतो म्हणून जावई गेले. मावशींनी तांबडीला शेवग्याखाली पुरलं, आणि मी अंडी पेटीत मांडून कंदील पेटवला.

त्या कंदिलानं माझा जीव खाल्ला. धूर करायचा, काच काळी व्हायची, घटकेभरात विझायचा. वात कातरली, बदलली, रॉकेल गाळून घातलं... पुन्हा तेच. मी कंदील बनवून पोट भरणारा माणूस, आणि माझाच कंदील जळेना. एक गोष्ट बरी होती — झाकण उघडून हात घातला की आत बरोबर ऊब असायची. कंदील विझलेला सापडला तरी. मला वाटायचं, भुसा चांगला दाबून भरलाय, ऊब धरून ठेवतोय.

दुसरी कटकट सुरू झाली ती अंडी फिरवण्याची. कोंबडी चोचीनं अंडी उलटत असते, नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटतो. पेटीत ते काम माणसाला करावं लागतं. विसरायला नको म्हणून मी प्रत्येक अंड्यावर कोळशानं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला टिकली काढली होती. संध्याकाळी फुली वर करून जायचं, सकाळी टिकली वर करायची. तर सकाळी बघतो, टिकल्या आधीच वर. मी चिडून मावशींकडं गेलो.

"मावशी, तुम्ही अंड्यांना हात लावलात का?"

"म्या कशाला लावू? तूच न्हाय म्हणलास न्हवं?"

"मग फिरवली कुणी?"

"मला काय इचारतूस? पेटी तुझी."

रोज हेच. माझ्या आधीच दुसरं कुणी फिरवणार आणि वर मीही फिरवली, तर अंडी होती तिथंच. मला खात्री होती, मावशीच करत असणार. राहवत नसेल त्यांना. शेवटी एका संध्याकाळी फुल्या वर केल्या आणि झाकणाला चारी कोपऱ्यांवर सोल्डरचे डाग दिले, म्हणजे कथील वितळवून झाकण पेटीला जोडूनच टाकलं. कुलूप लावायचं सोडून पेटी डाग देऊन बंद करणारा माणूस दुसरा कोण असणार? हवेला भोकं होती, बघायला काच होती. मनात म्हटलं, बघू आता कोण हात घालतं.

सकाळी उजाडल्यावर काचेतून बघितलं. सगळ्या टिकल्या वर.

डाग जसेच्या तसे होते. माझा डाग मी ओळखतो, त्यावर माझ्या हाताचं वळण कसं आहे तेही ओळखतो. भीती वाटली असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, भीतीपेक्षा संताप जास्त आला. म्हटलं, ज्याला फिरवायचीत त्यानं फिरवावीत, मी आता हात लावणार नाही. डाग तसेच ठेवले. संध्याकाळी काचेतून बघितलं की फुल्या, सकाळी टिकल्या. एकदाही चूक नाही.

मावशींनी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. जावई आले त्याच दिवशी सकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. मी डाग वितळवले. बहुतेक सगळी अंडी फुटली होती. ओली, लडबडलेली पिल्लं, त्यांतली कितीतरी तांबडी. मावशी पिल्लांकडं बघत खाली बसल्या, गाठोडं ओढून घेतलं आणि त्याची गाठ सोडायला लागल्या. जावई चहा पिऊन दुपारच्या एस.टी.नं एकटेच परत गेले.

मी खुशीत पेटी धुवायला घेतली. आतली नळी काढली, तिच्यात पाणी ओतलं... पाणी बाहेर येईना. काडी घातली. वळणाशी काहीतरी घट्ट बसलेलं होतं. ओढून काढलं — चिंधीचा बोळा, मेण लावून दाबलेला. माझाच. तपासायला घातला होता, काढायचा राहिला होता. म्हणजे कंदिलाची हवा पेटीत एक दिवसही गेली नव्हती. म्हणून तर तो धूर करत होता, विझत होता.

बोळा घेऊन मी तसाच भिंतीपाशी गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं.

"मंग ऊब कशाची हुती?" मावशींनी विचारलं.

"तेच कळत नाही."

"मंग चिडतूस कशाला?"

"कळत नाही म्हणून चिडतोय."

मावशींनी पिल्लांपुढं कण्या टाकल्या. "तांबडी लई हट्टी हुती," एवढंच म्हणाल्या.

नंतर शाळेतल्या एका मास्तरांनी समजावलं, नळीचा पत्रा तापून तेवढी ऊब जात असेल. असेल. मग विझल्या कंदिलावर? आणि अंडी कोण उलटत होतं? त्यावर ते म्हणाले, तुझाच घोटाळा झाला असेल. डाग दिलेल्या पेटीत मी घोटाळा कुठून घालणार होतो?

मावशी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या, त्यांच्याच चुलीवर. गल्लीभर तांबड्या कोंबड्या झाल्या. पेटीत मी पुढं दोनदा बाजारातली अंडी ठेवून बघितली — नळी मोकळी, कंदील लख्ख, सकाळ-संध्याकाळ स्वतः फिरवली. दोन्ही वेळा सगळी नासली. पेटी अजून माळ्यावर आहे, आणि बोळा तिच्यात ठेवलाय. तो परत नळीत घालून बघायचा धीर मला आजवर झालेला नाही.