ओंजळभर काकडं

मी पुण्याकडची. बटाटा, फ्लॉवर, कोबी, वांगी, संपलं. लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि जून लागताच सासूबाई रोज नवं गवत घरी आणायला लागल्या. टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी. माझी नुसती चिडचिड व्हायची.

त्यात शेवळं म्हणजे कहर. जमिनीतून उगवणारे जांभळट कोंब. सोलायचे, पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचे. सोबत काकडं म्हणून आंबट फळं मिळतात, ती ठेचून त्यांचा रस घालायचा, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो.

शेवळं घेऊन मलंगगडाकडची एक बाई आमच्या बिल्डिंगच्या गेटशी बसायची. पावसाळाभर तिचं घर त्या जागेवर चालायचं. कंद जमिनीतच ठेवते, चार कोंब मुद्दाम सोडते, म्हणजे पुढच्या वर्षी परत येतात, असं ती सासूबाईंना सांगायची. तुम्ही खाता म्हणून आम्ही रान राखतो, म्हणायची.

आमच्याकडे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला होती. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून शेवळं करायचं काम माझ्याकडे. काकडं ठेचायचा कंटाळा आला, सरळ कचऱ्यात टाकली. एवढ्याशा फळांनी काय होतंय?

व्हायचं ते झालं. व्याही खोकून खोकून लालबुंद झाले, विहीणबाई ताटावरून उठल्या. सासूबाई तडक खाली गेल्या. मी मागोमाग. त्यांनी चारचौघांत त्या बाईची अब्रू काढली. ती शांतपणे म्हणाली, "ओंजळभर काकडं दिली होती, बाई. सूनबाईंना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही दिली," मी म्हणाले.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिची टोपली रस्त्यावर भिरकावली. परत इथे दिसायचं नाही म्हणाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. घरात फ्लॉवर-बटाटा सुरू झाला.

तीन-चार वर्षांनी सासूबाईंबरोबर कल्याणच्या बाजारात गेले, तर ती कोपऱ्यात बसलेली. पुढ्यात कोबीचे गड्डे आणि शेवळांची एकच जुडी. कोणी घेईना, मग रान राखून काय करायचं, असं म्हणून गावच्या माणसांनी डोंगर खडीवाल्याला देऊन टाकला, ही शेवटची, असं तिने सांगितलं. सासूबाईंनी जुडी घेतली. तिने काकडं मात्र त्यांना दिली नाहीत. माझा हात धरला, तळवा उघडला आणि एकेक करून त्यात ठेवली.

"मोजून घ्या, सूनबाई. मागच्यासारखं नाय दिली म्हणू नका."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. घरी स्वतः भाजी केली, सगळ्यांना वाढली. माझ्या ताटात फ्लॉवर घातला.

"तुला हाच आवडतो ना?" त्या म्हणाल्या. "आता जन्मभर हाच खा."