आणेवारी मास्तर

आमच्या मास्तरांकडे तीन छड्या होत्या आणि तिन्हींची जाडी वेगळी. गणिताची अंगठ्याएवढी, भाषेची त्याहून बारीक, भूगोलाची जेमतेम काडी. बोरीच्या शाळेत या तिन्ही न खाल्लेलं पोर नव्हतं. मास्तर मूळचे पेठ गावचे, तालमीत घुमलेले; त्यांचा हात उठला की शाळेसमोरच्या ओट्यावरची म्हातारी माणसंही बोलायची थांबत.

एकदा त्यांनी मला सरासरी काढायला सांगितली. गणितात शंभरापैकी वीस, भूगोलात पन्नासापैकी पंचेचाळीस. मी शेकडा वीस आणि शेकडा नव्वद घेतले, बेरीज निम्मी केली आणि ऐटीत पंचावन्न म्हणालो. मास्तरांनी माझ्या एका तळहातावर जाड छडी ओढली, दुसऱ्यावर बारीक.

"सारखंच लागलं का रे?"

मी रडत रडत नाही म्हणालो.

"मग शंभराचा विषय आणि पन्नासाचा विषय एका मापानं कसा मोजतोस, गाढवा? गुण आधी एकत्र कर, मग दीडशेत किती पडले ते बघ!"

उत्तर शेकडा त्रेचाळीसच्या आसपास आलं. ती चूक मी जन्मात पुन्हा केली नाही. पण असं शिकवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

शेकड्याचा हिशेब गावात कुणाला कळत नसे. पिकाची आणेवारी मात्र सगळ्यांना तोंडपाठ: भरघोस पीक सोळा आणे, निम्मं बुडालं की आठ. म्हणून मास्तर शंभराला सोळा धरून निकालही आण्यांतच सांगत. "पाटील, तुमचा बारा आणे बरं का!" असं चावडीवरून ओरडत. लोकांनी त्यांना आणेवारी मास्तर केलं ते यामुळे, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

मला सातवी पास व्हायचंच होतं. झालो तर शाळेत मदतनीस म्हणून लागणार होतो. नाहीतर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बेल्ह्याच्या एका व्यापाऱ्याकडे गुरं हाकायला ठेवायचं बोलून ठेवलं होतं. आप्पांचा राग मास्तरांच्याही वरचा. "नापास झाला तर हाडं मोडीन," हे ते गमतीनं म्हणत नसत.

निकाल आला तेव्हा आम्ही रानात नांगर धरला होता. मास्तर बांधावरून हरखून ओरडले, "आप्पा, पोरगं सहा आणे!" आणि तसेच पुढच्या वस्तीकडे निघाले. तिसऱ्या हिश्शाइतक्या गुणांना पास होतं, त्यामुळे सहा आणे म्हणजे त्यांच्या लेखी पास. आप्पांच्या लेखी सहा आणे म्हणजे करपलेलं रान. त्यांनी जोखडातला लाकडी खुंटा, शिवळ, उपसून काढली.

पहिला घाव पाठीत बसला, दुसऱ्यानं कान फुटला आणि मी ढेकळांत तोंडघशी पडलो. "सा आणे! लई दिस फुकट खाल्लंस!" आप्पा ओरडत होते. बैल बुजले. माझी किंकाळी ऐकून मास्तर मागं फिरले, धावत आले आणि माझ्यावर आडवे पडले. तिसरा घाव त्यांच्या उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"पास झालाय तो!" मास्तर कळवळून ओरडले. "परीक्षेत सहा आण्याला पास असतं, आप्पा!"

आप्पा शिवळ धरून तसेच उभे राहिले. "सा आण्यात घर तरी चालतं का, मास्तर? मंग पास कसं व्हतं?"

"पिकावर पोट असतं. परीक्षेला नुसती रेघ असते, ती ओलांडली की झालं. हे मी आधी सांगायला हवं होतं. माझंच चुकलं."

इतकी पोरं बडवणाऱ्या त्या माणसाला चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आप्पा मटकन खाली बसले आणि मुठीनं स्वतःचं कपाळ बडवू लागले.

हाडवैद्यानं कोपर बसवलं, पण वाकडं. हात फळ्यापर्यंत जाईना. मास्तर डाव्या हातानं लिहू लागले. पुढे साहेब तपासणीला आले, त्यांनी फळ्यावरचं अक्षर पाहिलं आणि मास्तरांना घरी बसवलं. मी तोवर शाळेत मदतनीस लागलो होतो; त्यांच्या जागी नेमायला हाताशी मीच होतो.

मी नको म्हणालो. मास्तरांनी शाळेची किल्ली माझ्या मुठीत कोंबली. "जागा रिकामी राहिली तर शाळा बंद करतील. मुकाट्यानं घे."

त्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन आप्पा थेट पेठेपर्यंत त्यांच्या मागं चालत गेले. निदान वेशीपर्यंत जावं असं मला फार वाटत होतं, पण पोरं आत येऊन बसली होती. मी मास्तरांच्या जागेवर उभा राहिलो आणि पहिलं नाव पुकारलं.